‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालावा का?

इंग्रजीतल्या ‘टू चेक’ या जोडीच्या मध्ये क्रियाविशेषण बसवून ‘टू केअरफुली चेक’ लिहिलं की त्याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूक नाही. इंग्रजीत ही रचना कित्येक शतकं चालत आलेली आहे. तिच्यावरचा आक्षेप एकोणिसाव्या शतकातला. ‘टू’ क्रियापदापासून तोडू नये, असं हेन्री आल्फर्ड या धर्मगुरूंनी 1864 मध्ये बजावलं. पण ‘कॅन गो’, ‘मस्ट गो’ यांत ‘टू’ नसतोच, मग तो अविभाज्य कसा? 1926 मध्ये कोशकार फाउलर यांनी व्यवहारी निवाडा दिला: संदिग्ध किंवा ओढूनताणून लिहिण्यापेक्षा सरळ मध्ये शब्द घाला. आजही तोच धरून चालावं.

आधी कोकणातल्या इंग्रजी पत्रांत हमखास भेटणारा प्रकार निकालात काढू: ‘वी रिक्वेस्ट यू टू काइंडली सेंड द पेमेंट.’ आंबा निर्यातदाराचं पत्र असो, बंदर खात्याकडचा अर्ज असो की होमस्टेचा ईमेल, हा ‘काइंडली’ मध्ये येऊन बसतोच. इथे स्प्लिटचा प्रश्नच नाही. ‘रिक्वेस्ट’मध्ये विनंती आली, ‘काइंडली’ तीच पुन्हा करतो. तो खोडा. प्रबंधाच्या उद्दिष्टांतला ‘टू क्रिटिकली ॲनालाइज’ही तसाच; विश्लेषण चिकित्सकच असायला हवं, त्यामुळे ‘टू ॲनालाइज’ पुरतं.

म्हणून पहिली पायरी हीच: क्रियाविशेषण झाकून वाक्य वाचा. अर्थ हलला नाही तर ते काढून टाका.

अर्थ हलला, तर जागा ठरवायची. मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं (‘लगेच पाठवा’), त्यामुळे आपला हात आपोआप ‘टू’च्या मागे-पुढे जातो. सगळ्यात सुरक्षित जागा मात्र कर्मानंतरची: ‘टू कूल द मँगोज स्लोली’. ‘टू स्लोली कूल द मँगोज’ चालतं. ‘टू कूल स्लोली द मँगोज’ चालत नाही. स्प्लिट टाळायच्या धास्तीने लोक नेमके इथे घसरतात, कारण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा क्रियाविशेषण खपत नाही. नसलेली चूक टाळताना खरी चूक होते. कर्म लांबलचक असेल तर शेवटी ठेवलेलं क्रियाविशेषण क्रियापदापासून फार दूर पडतं. अशा वेळी स्प्लिटच बरा.

‘टू’च्या आधीची जागा फसवी असते. ‘वी डिसाइडेड इमिजिएटली टू स्टॉप द बोट्स’ यात निर्णय लगेच झाला की होड्या लगेच थांबवायच्या? दोन्ही अर्थ निघतात. ‘डिसाइडेड टू इमिजिएटली स्टॉप द बोट्स’ लिहिलं की शंका उरत नाही. तसंच ‘फेल्ड टू कम्प्लीटली रिपेअर द इंजिन’ म्हणजे दुरुस्ती अर्धवट राहिली. ‘कम्प्लीटली फेल्ड टू रिपेअर’ म्हणजे काहीच जमलं नाही. विम्याच्या दाव्यात हा फरक पैशांत मोजला जाईल.

काही ठिकाणी स्प्लिटला पर्यायच नाही. ‘द क्रॉप इज एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल’ यातला ‘मोअर दॅन’ दुसरीकडे हलवून पाहा, वाक्य मोडतं.

मात्र मध्ये एक शब्द, फार तर दोन. ‘टू, आफ्टर ग्रेडिंग अँड पॅकिंग, डिस्पॅच द बॉक्सेस’ वाचताना वाचक ‘टू’वर अडकून राहतो, तो तुकडा शेवटी न्या. ‘ओन्ली’ ज्याला मर्यादा घालतो त्याच्या लगत ठेवा: ‘टू सेल ओन्ली ए-ग्रेड फ्रूट’. नकार औपचारिक लेखनात ‘टू’च्या आधी येतो: ‘गेस्ट्स आर रिक्वेस्टेड नॉट टू स्विम आफ्टर सनसेट’. ‘टू नॉट स्विम’ बोलण्यात ऐकू येतं, पाटीवर नको.

दोन रचनांना उगाच हात लावू नका. ‘टू बी फुली पेड’ हा स्प्लिट नाही. तिथे शब्द ‘बी’नंतर आला आहे, ‘टू’नंतर नाही. आणि ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ वेगळाच, त्याच्यानंतर ‘रिसीव्हिंग’ येतं, ‘रिसीव्ह’ नाही.

तपासणी वर्डमध्ये अशी करा: कंट्रोल आणि एफ दाबून ‘एल-वाय’ ही अक्षरं शोधा, कारण इंग्रजीतली बहुतेक क्रियाविशेषणं त्यांवर संपतात. प्रत्येक ठिकाणी आधीचा शब्द ‘टू’ आहे का ते पाहा. ‘नॉट’, ‘ऑल्सो’, ‘जस्ट’ यात सापडत नाहीत, ते वेगळे शोधा. मार्गदर्शक किंवा साहेब प्रत्येक स्प्लिटवर लाल रेघ मारणारे असतील तर वाद घालत बसू नका. क्रियाविशेषण कर्मानंतर न्या, आणि अर्थ बदलत असेल तर क्रियापदच बदला: ‘टू कम्प्लीटली रिमूव्ह’ऐवजी ‘टू एलिमिनेट’.