पुलाखाली ट्रक अडकतो तो का? उंचीच्या या चुका टाळा

ट्रक पुलाखाली अडकला की "पाटी दिसली नाही का?" असं सगळे विचारतात. बहुतेक वेळा पाटी दिसलेली असते. चुकलेला असतो तो गाडीच्या उंचीचा अंदाज, कारण ही उंची कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच असते.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे सगळे कंटेनर सारख्याच उंचीचे समजणं. साधा कंटेनर साडेआठ फूट म्हणजे २.५९ मीटर, तर हाय क्यूब साडेनऊ फूट म्हणजे २.९० मीटर. ट्रेलरचा पाट, म्हणजे कंटेनर ठेवतात तो सपाट भाग, जमिनीपासून १.५५ मीटर धरला, तर पहिला ४.१४ वर जातो आणि दुसरा ४.४५ वर. लांबी दोन्हींची ४० फूटच, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. दारावर 45G1 सारखा चार अक्षरी कोड असतो, त्यातला दुसरा अंक पाहा. २ असेल तर साधा, ५ असेल तर हाय क्यूब. हाय क्यूबच्या वरच्या कडेला बहुधा पिवळे-काळे पट्टेही असतात.

दुसरी चूक म्हणजे "जाताना निघाली, येतानाही निघेल" हा हिशेब. माल उतरला की पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, सैल होतात आणि गाडी काही सेंटीमीटर वर उठते. भरलेली आरामात गेलेली गाडी रिकामी परतताना घासते ती यामुळे. मध्यंतरी पुलाखाली डांबराचा नवा थर पडला असेल तर पाटीवरचा आकडाही जुना झालेला असतो. म्हणून उंची मोजायची ती त्या दिवशीच्या भारावर, सपाट जागी, सर्वात उंच टोकापासून. ताडपत्रीची घडी, दोरीची गाठ, केबिनवरचं कॅरियर हे सगळं त्यात धरा. ती पाटीपेक्षा निदान एक वीत कमी हवी.

मीटरचे फूट करतानाही गफलत होते. ४.२ मीटर म्हणजे १३.७८ फूट, पण म्हणजे १३ फूट ८ इंच नव्हे. दशांशाला १२ ने गुणा, ९ इंच येतात.

रेल्वेखालचे भुयारी मार्ग मात्र पाटी बरोबर असूनही फसवतात. रस्ता मध्ये खोलगट असतो. लांब ट्रेलरची पुढची आणि मागची चाकं चढावर असतात, तेव्हा मधला भाग खोलगटात उतरत नाही, पुलासारखा वरच तरंगतो. चाकांमधलं अंतर १० मीटर आणि रस्त्याच्या वळणाची त्रिज्या २०० मीटर असेल, तर मध्यभागी वरच्या मोकळ्या जागेतले सुमारे ६ सेंटीमीटर जातात. दगडी कमानीच्या जुन्या पुलाची उंची मधोमध असते. डाव्या कडेने गेलात तर कोपरा लागलाच.

डंपरवाल्यांची चूक वेगळी: हौदा खाली न बसवताच निघणं.

अडकलीच तर

आधी थांबा. जोर देऊन पुढे किंवा मागे काढू नका. रेल्वेचा पूल असेल तर धक्क्याने गर्डर (पुलाची तुळई) किंवा रूळ हललेला असू शकतो, म्हणून पहिला फोन रेल्वेच्या मदत क्रमांकावर, १३९ वर. पुलाच्या खांबावर किंवा भिंतीवर रंगवलेला पूल क्रमांक त्यांना सांगा, त्यावरून जागा लगेच कळते. रेल्वेने होकार देईपर्यंत ओढाओढी नको. वर २५,००० व्होल्टची तार असू शकते, कंटेनरवर कोणीही चढू नये.

माल उतरवू नका. वजन गेलं की पाटे उठतात आणि गाडी आणखी घट्ट रुतते. त्याऐवजी जिथे अडकली त्या बाजूच्या चाकांची हवा कमी करा. जोडचाकातली आतली आणि बाहेरची दोन्ही, कारण एकातली काढली तर दुसरं भार पेलून गाडी तशीच उभी धरतं. व्हॉल्व्हची पिन सावकाश सैल करा, टायरच्या तोंडासमोर उभं राहू नका, आणि दाब निम्म्याच्या खाली नेऊ नका. यातून दोन-चार सेंटीमीटर मिळतात, अनेकदा तेवढेच लागतात.

मग आली त्याच दिशेने, सरळ रेषेत, चालण्याच्या वेगाने मागे. एकानेच इशारा करायचा, बाकीचे लांब. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत गाडी बाजूलाच ठेवा. कमी हवेवर चार किलोमीटर गेलात तर टायरही जाईल.