साथ येण्याआधी शिलाई कामगार बायकांनी करून ठेवायची कामं

मार्च ते जून हा सोलापूरच्या गणवेश शिलाईचा ऐन हंगाम. 2020 मध्ये नेमक्या त्याच दिवसांत टाळेबंदी लागली, आणि पुढे शाळाच न उघडल्याने मागणीही गेली. नगावर शिवणाऱ्या बाईला काम थांबलं की मजुरी थांबते. अशा वेळी निघणारी मदत नोंद असलेल्यांनाच मिळते, म्हणून नोंदीची कामं आताच उरकायला हवीत.

कारखान्यात असाल तर आधी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बघा. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर पावतीवर 0.75 टक्के कपात दिसली पाहिजे. आजारपणात रोजच्या सरासरी वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. अट अशी, की सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवस भरलेले हवेत. एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस पुढच्या जानेवारी ते जूनसाठी धरतात. घोळ इथेच होतो: 2020 च्या एप्रिल-मेमध्ये कारखाने बंद होते आणि दुसरी लाट आली 2021 च्या एप्रिलमध्ये. ज्यांचे 78 दिवस भरले नाहीत त्यांचा हक्क ऐन गरजेच्या वेळी उरत नाही. म्हणून दर महिन्याला भरलेले दिवस मोजा.

पीएफचंही (भविष्य निर्वाह निधी) तसंच. 2020 मध्ये तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, यातली कमी रक्कम काढता येत होती. अर्ज अडतो तो बहुधा नावावरून: पीएफला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल बंद पडला तर ओटीपी येत नाही. दोन्ही दुरुस्त करून घ्या.

कारखाना तात्पुरता बंद झाला तर ‘बिनपगारी रजा’ लिहून सही देऊ नका. 50 किंवा जास्त कामगार असतील, तुमचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) असेल आणि सलग वर्षभर नोकरी झाली असेल, तर ले-ऑफची, म्हणजे मालकाने तात्पुरतं काम न दिल्याची, भरपाई मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 50 टक्के असते. त्यासाठी कामाच्या वेळी रोज हजेरी लावावी लागते. फाटक बंद असेल तर तारखेसह फोटो काढून व्यवस्थापकाला मेसेज करा.

घरी शिवणाऱ्यांकडे मस्टर नसतं, तेव्हा वही हेच मस्टर. तारीख, माल देणाऱ्याचं नाव, नग, दर, मिळालेले पैसे लिहा आणि बंडलाच्या चिठ्ठीचा फोटो ठेवा. शिवून तयार झालेला माल उचलला नाही तर मागणीला हाच आधार. पीएफ-ईएसआय नसेल आणि वय 16 ते 59 मध्ये असेल तर ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी यादीत नोंदणी करा. व्यवसाय ‘गृहिणी’ नको, शिलाई लिहा. जनधन खातं चालू ठेवा: 2020 च्या एप्रिल ते जूनमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत महिना 500 रुपये आले होते.

तब्येतीचं जास्त जपा, कारण बायका तीच मागे टाकतात. धाग्यांच्या तंतूंनी मास्क भरतो आणि घामाने ओला होतो, म्हणून कामाच्या एका पाळीसाठी दोन-तीन मास्क जवळ ठेवा. पंखा रांगेवरून वारा फिरवत असेल तर एकीचा खोकला सगळ्यांकडे जातो. खिडकीशी असलेल्या पंख्याचं तोंड बाहेर करा. संडासाला सोडत नाहीत म्हणून पाणी कमी पिऊ नका, लघवीचा संसर्ग होतो. 2020 मध्ये अनेक ईएसआय रुग्णालयं कोविडसाठी राखली गेली होती. म्हणून गरोदर बाईने दुसऱ्या रुग्णालयाचं नाव आधीच ठरवावं आणि ईएसआय दवाखान्यातून तिथे पाठवण्याची चिठ्ठी कशी मिळते ते विचारून ठेवावं. रक्तदाबाच्या, लोहाच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा डॉक्टरांना विचारून घरी ठेवा.