इंग्रजी शब्दांच्या जोड्या पक्क्या कशा कराव्यात

कडक चहा ‘स्ट्राँग टी’, सोसाट्याचा वारा ‘स्ट्राँग विंड’, पण मुसळधार पाऊस ‘हेवी रेन’. ‘स्ट्राँग रेन’ म्हटलं की व्याकरण शुद्ध असूनही वाक्य कानाला खटकतं. यामागे नियम नाही, वहिवाट आहे. मराठीतही ऊन रणरणतं असतं, पण ‘रणरणती थंडी’ म्हणून चालत नाही. इंग्रजीत अशा जोडीला कोलोकेशन म्हणतात.

एक शंभरपानी वही घ्या. कोलोकेशन डिक्शनरी, म्हणजे अशा जोड्या देणारा शब्दकोश, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा.

खरी गोची क्रियापदांची. ‘मेक’ची यादी, ‘डू’ची यादी पाठ करा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. बोलताना मनात ‘मेक’ येतच नाही, आधी मराठी क्रियापद येतं आणि चूक तिथेच होते. म्हणून पानांना मथळे मराठी द्या.

‘काढणे’चं पान असं भरेल: फोटो काढणे, टेक अ फोटो, चित्र काढणे, ड्रॉ अ पिक्चर, बँकेतून पैसे काढणे, विथड्रॉ मनी, तिकीट काढणे, बाय अ टिकिट. यात ‘रिमूव्ह’ एकदाही नाही. ‘बंद करणे’: दार क्लोज, पण दिवा स्विच ऑफ. ‘चालवणे’: कार ड्राइव्ह, दुकान रन, स्कूटर राइड. पुण्यात घरोघरी दुचाकी, तरी ‘आय ड्राइव्ह अ स्कूटर’ रोज कानावर पडतं.

‘देणे’ सर्वांत फसवं. लक्ष देणे म्हणजे ‘पे अटेन्शन’. परीक्षा देणे म्हणजे ‘टेक अ‍ॅन एक्झाम’. ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ भारतात रुळलंय, इथे कुणी अडवणार नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला त्यातून तुम्ही परीक्षा घेणारे शिक्षक वाटाल. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ही चूक नकोच.

डिक्शनरीत नाम शोधा, क्रियापद नव्हे. ‘डिसिजन’ काढा, तिथे ‘मेक’, ‘टेक’, ‘रीच’ सापडतील. ‘मेक’खाली शोधलंत तर हवी ती जोडी सापडणं अवघड.

रोज पाचच जोड्या. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि दोन्हीकडे पूर्ण वाक्य. सुटी जोडी लिहिलीत तर ‘मेक’चं ‘मेड’ करताना अडखळाल. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी उजवी बाजू झाकून वाक्य मोठ्याने म्हणा. आठव्या दिवशीही चुकलेली जोडी नव्या पानावर, नव्या वाक्यात उतरवा.