चिखलदऱ्याचा कीचक फाशांच्या खेळात
आमच्या परतवाड्याकडच्या पोट्ट्यांना कीचक कोण हे सांगावं लागत नाही. भीमाने त्याला मारल्याची कथा जिथं सांगतात, ते भीमकुंड सगळ्यांनी पाहिलंय. त्याला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (फासे टाकत, पात्रं वठवत गोष्ट रंगवायचा खेळ) याच्या २०१४ च्या नियमांत आणायचं असेल, तर नवा राक्षस घडवत बसू नका. नियमांतलं तयार पात्र ‘ग्लॅडिएटर’ घ्या: ११२ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), ताकद १८. रात्री नृत्यशाळेत आलेल्याच्या अंगावर चिलखत-ढाल कुठली? ती काढा, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १६ चा १२ होतो. भालाही काढा, कुस्ती ठेवा. ॲथलेटिक्स (कुस्तीला लागणारं कौशल्य) +१० आहेच, त्याची पकड लवकर सुटत नाही.

खरी गंमत पांडवांच्या अज्ञातवासात आहे बाप्पा! ओळख लपवायची असते ना. मारणं सोपं, गुपचूप मारणं लय कठीण. शस्त्राचा खणखणाट झाला, मोठ्या आवाजाचा मंत्र टाकला, की कागदावर एक खूण करा. तिसऱ्या खुणेला उपकीचक, म्हणजे कीचकाचे भाऊ, दारात.

सैरंध्रीला, म्हणजे वेश पालटलेल्या द्रौपदीला, नुसती वाचवायची बाई करू नका. कीचकाला नृत्यशाळेत बोलावते तीच. तो संवाद तिच्या खेळाडूलाच खेळू द्या.

लिहिलेलं इतरांना वाटणार असाल तर एसआरडी ५.१ (खेळाच्या कंपनीने खुला केलेला नियमसंच) याचाच आधार घ्या. २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे श्रेय देऊन वापरायच्या खुल्या परवान्यात, आहे. श्रेय द्या, ‘अनधिकृत’ असं ठळक लिहा, कंपनीचा लोगो लावू नका.