हिवाळी टायर लावायचे की नाही, हे ठरवायचं कसं?

बर्फ किती पडतो हे बघण्याआधी थर्मामीटर बघा. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात ते नीट दबत नाही, त्यामुळे पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असंच बनवलेलं असतं. पण ७ अंश म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. कोरड्या डांबरावर चांगला उन्हाळी टायर त्याखालीही व्यवस्थित ब्रेक लावतो. खरा फरक पडतो तो बर्फावर, अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात आणि गोठायला आलेल्या ओल्या रस्त्यावर.

हिवाळी टायर जवळून पाहिला तर त्याच्या नक्षीतल्या रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा दिसतात. ठोकळा वाकला की चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. रुंद खाचांत बर्फ मुद्दाम भरू दिलेला असतो, कारण बर्फ बर्फाला धरतो; हातात गोळा वळताना वळतो तसाच. उन्हाळी टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. त्यांत बर्फ गच्च बसला की टायर जवळजवळ गुळगुळीत होतो.

आता तुमचा हिशोब. दिवसाचं कमाल तापमान उपयोगाचं नाही; तुमची गाडी ज्या वेळी बाहेर पडते, त्या वेळचं बघा. सकाळी सहाला कामावर निघणारा आणि दुपारी बाराला बाजारात जाणारा एकाच गावात राहूनही वेगवेगळ्या रस्त्यांवर चालवत असतात. वाटेत पूल, नदीकाठ, सावलीतली वळणं किंवा घाट असेल तर तिथला रस्ता बाकीच्या रस्त्याच्या आधी गोठतो, हेही धरा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: रस्ता खराब असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवता येईल का? अगदी खरं उत्तर द्या. रुग्णालयात किंवा पाळीवर काम करणाऱ्याला ती मुभा नसते.

दोन-तीन महिने थंडी टिकते, बर्फ अधूनमधून तरी पडतो आणि बाहेर पडणं टळत नाही, तर हिवाळी टायरचा वेगळा संच घ्याच. हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस, बर्फ मोजके दिवस आणि गाडी शहरातच फिरते, तर चांगले ऑल-सीझन टायर पुरतात. ते कडक उन्हात उन्हाळी टायरइतके आणि खोल बर्फात हिवाळी टायरइतके चांगले नसतात, पण वर्षातून दोनदा अदलाबदल करायची कटकट वाचते. वर्षाला दोन-चार दिवसच रस्ता पांढरा होतो आणि त्या दिवशी बस पकडता येते, तर काहीच घेऊ नका. मात्र त्या दिवशी खरंच बस पकडा. याउलट महिनोन् महिने रस्त्यावर बर्फ टणक होऊन बसत असेल, तर उत्तर युरोपात वापरतात तसले जास्त मऊ रबराचे टायर किंवा खिळ्यांचे टायर लागतात. खिळ्यांच्या टायरना सगळीकडे परवानगी नाही, त्यामुळे आधी चौकशी करा.

काही ठिकाणी हा निर्णय कायद्यानेच घेतलेला असतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल तर ते हवेतच. जर्मनीत तारखा ठरलेल्या नाहीत, रस्त्याची स्थिती बघतात.

‘माझी गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे’ हे वाक्य या विषयात हमखास ऐकू येतं. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी जागेवरून सहज निघते, एवढंच. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड कुठून आणणार? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा, ०.३ असेल तर गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ३३ मीटरमध्ये थांबते. तोच ०.१५ झाला की ६६ मीटर लागतात. आणि पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून ताशी ३५ किलोमीटरने पुढे जात असते. टायरचा निर्णय या ३५ साठी असतो. चढ चढता येतो की नाही, ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच ते मिळतं. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यामागे अशी चाचणी असतेच असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीतही हिवाळी टायर म्हणून ते पुरत नाही. ऑल-सीझन टायर घेतानाही हेच चिन्ह बघा. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष: ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५वा आठवडा.

चारही टायर घ्या. पैसे वाचवायला पुढे दोनच लावले तर पुढची बाजू रस्ता धरते, मागची धरत नाही आणि वळणावर ब्रेक मारताच गाडी गिरकी घेते. मागे दोनच लावले तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते.

वेगळ्या रिमवर बसवलेला संच सोयीचा पडतो, कारण दर हंगामात टायर रिमवरून उतरवावे लागत नाहीत. रिम एक इंच लहान घेतली तर टायर अरुंद आणि जाड बाजूचा मिळतो. उदाहरणार्थ २२५/४५ आर१७ च्या जागी २०५/५५ आर१६ (आकडे ओळीने: रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात अडीच मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. पण लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्क दाबणाऱ्या चिमट्यावर) घासणार नाही ना, हे गाडीच्या पुस्तिकेतल्या मान्य मापांवरून तपासा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, पुस्तिकेत दिल्यापेक्षा कमी नको. इलेक्ट्रिक गाड्या जड असतात, तिथे हे विशेष जपा.

बसवताना टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. उलटा बसला तर खाचा पाणी आणि चिखल नीट बाहेर टाकत नाहीत. हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर चाक पूर्ण टेकत नाही आणि थरथरतं. स्टीलच्या आणि अलॉय रिमचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात; लांबी आणि बसण्याचा आकार जुळवून घ्या. बोल्ट आधी हाताने, मग आडवे-तिडवे, शेवटी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा तपासा. टायरप्रेशरचे सेन्सर रिममध्ये असतील तर नव्या रिमलाही ते लागतील, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा हिवाळाभर जळत राहील.

तापमान १० अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड-दोन पीएसआयने कमी होते. म्हणून थंडी पडली की दर दोन आठवड्यांनी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, हवा मोजा. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फावरची पकड झपाट्याने घटते. कायद्याची किमान मर्यादा अनेक ठिकाणी १.६ असली तरी हिवाळ्यासाठी तो आकडा विसरा. ऑस्ट्रियात तर ४ च्या खालचा रेडियल (हल्लीच्या गाड्यांना असतो तो नेहमीचा) टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत.

वसंतात सकाळचं तापमान कायम ७ च्या वर राहायला लागलं की टायर उतरवा. उन्हात मऊ रबर भराभर झिजतं आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. उतरवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा. रिमसकट असतील तर एकावर एक आडवे रचा किंवा टांगा. रिमशिवाय असतील तर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा. जागा थंड, कोरडी आणि अंधारी हवी, तेल-पेट्रोल आणि चालत्या इलेक्ट्रिक मोटरपासून लांब, कारण मोटरच्या ठिणगीतून निघणाऱ्या ओझोनने रबराला चिरा जातात.