टॉगल बटण काही केल्या हिरवं होईना (माझा अनुभव)

डब्ल्यूपीएफमधे (विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) एक छोटं अ‍ॅप करत होतो, त्यात टॉगलबटन (एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद होणारं बटण) चालू असेल तर हिरवं नाहीतर करडं दिसावं, मागणं एवढंच. स्टाइलमधे (बटणाच्या दिसण्याचे नियम) इझचेक्ड ट्रूचा ट्रिगर, म्हणजे बटण चालू झालं की आपोआप लागणारा बदल, लावला, बॅकग्राउंड ग्रीन दिला, रन केलं तर ढिम्म. पहिली चूक माझीच, बटणाच्या टॅगवरच बॅकग्राउंड ग्रे लिहून ठेवलेला आणि अशी लोकल व्हॅल्यू असली की स्टाइलमधल्या ट्रिगरला कोण विचारतंय! ती उचलून स्टाइलच्या सेटरमधे (नेहमीची किंमत देणारी ओळ) टाकली.

तरी क्लिक केलं की तोच फिकट निळा रंग. यात अर्धी दुपार गेली राव. झालं असं की डिफॉल्ट टेम्प्लेटच्या (बटण कसं रंगवायचं त्याचा आयता साचा) आत एक बॉर्डर, म्हणजे बटणाची पार्श्वभूमी रंगवणारी चौकट, असते आणि टेम्प्लेटचे स्वतःचे ट्रिगर माउस वर आला, दाबलं, चेक झालं की थेट त्या बॉर्डरचाच रंग बदलतात, मग आपण बटणाला कितीही हिरवं केलं तरी ते दिसणार कुठून.

म्हणून स्वतःचा कंट्रोलटेम्प्लेट लिहिला, फक्त एक बॉर्डर, तिचा बॅकग्राउंड टेम्प्लेटबाइंडिंगने बटणाला जोडला (म्हणजे बटणाचा रंग तोच तिचा) आणि आत बटणावरची अक्षरं दाखवणारा कंटेंटप्रेझेंटर. लगेच हिरवं! पण आता माउस नेल्यावरचा आणि डिसेबल असतानाचा इफेक्ट गेला, ते ट्रिगर हाताने लिहावे लागतात.

अजून एक, बॉर्डरला बॅकग्राउंडच दिला नाही तर क्लिक फक्त अक्षरांवरच लागतो, निदान ट्रान्सपरंट तरी द्या. आणि इझचेक्ड नल (ना चालू ना बंद) पण असू शकतो बरं का, तेव्हा ट्रूचाही ट्रिगर चालत नाही आणि फॉल्सचाही नाही.