गणपती उठले, आता लिचीची जाळी काढा (मॉरिशसच्या बागवाल्यांसाठी)

मंडळी, बाप्पाचं विसर्जन झालं ना, मग आता माळ्यावरची जाळी खाली काढा, कारण नोव्हेंबरात लिची लाल व्हायला लागली की सोव्सुरी म्हणजे आपली वटवाघळं हजर, आणि तेव्हा जाळी शोधत फिरायला गेलात की झालंच.

पण लगेच झाडावर चढवू नका हं, मोहोरावर मधमाश्या यायला पाहिजेत नाहीतर फळच धरणार नाही. फळ नीट धरलं की रंग फिरायच्या आत जाळी लावायची, तोवर उन्हात पसरून फाटलंय तिथे शिवून घ्या. भोकातून करंगळी आरपार जाते ती जाळी नको. पांढरी बरी, रात्री दिसते. आणि चादरीसारखी अंगावर टाकून मोकळं व्हायचं नाही, बांबूचा सांगाडा करून ताणून बांधा, फळापासून हातभर लांब, नाहीतर वटवाघूळ वर बसून जाळीतूनच खातं. मागच्या साली माझी जाळी सैल राहिली आणि त्यात एक मादी अडकली, पोटाला पिल्लू चिकटलेलं, सोडवताना तास गेला आणि शेवटी जाळी कापावीच लागली. असं काही झालं तर उघड्या हाताने धरू नका, जोरात चावतं, आधी जाड टॉवेल टाका.

बरं, दरवेळी तेच चोर असतं असंही नाही. सकाळी झाडाखाली बघा, रस पिऊन थुंकलेला चोथा पडलाय तर वटवाघूळ, आणि फळ घोसावरच पण टोचून पोकळ केलेलं असेल तर कोंदे, म्हणजे आपला शिपाई बुलबुल.

वटवाघळं मारून टाका म्हणणारे भेटतातच. सरकारने २०१५ मध्ये ३० हजारांच्या आसपास मारली, २०१६ ला परत मारली, २०१८ मध्ये ही जात आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या संकटग्रस्त यादीत गेली, तरी लिचीवाल्यांची ओरड आहे तशीच! वर्षाला एकच पिल्लू होतं त्यांना, आणि बेटावरचं चांगलं मूळचं जंगल २ टक्के पण उरलं नाही, मग ती परसात येणार नाहीत तर जाणार कुठे? त्या जंगलातल्या मोठ्या बियांच्या फळांचं बी लांब नेऊन टाकणारं दुसरं फारसं कोणी उरलेलं नाही, डोडो तर कधीच गेला.

आजोबांच्या वेळची उंच झाडं असतील तर यंदा हाताला येतील तेवढ्याच घोसांना पिशव्या बांधा, शेंड्याचं सोडून द्या, आणि काढणी झाली की छाटून बुटकी करा म्हणजे पुढच्या साली जाळी बसेल. लिची हिरवी तोडून उपयोग नाही, घरात पिकत नाही. आंब्याचं तसं नाही, तयार झाला की उतरवा आणि आढी घाला. आणि हो, सायक्लोनचा इशारा लागला की जाळी आधी उतरवा, वारा भरला की शिडासारखी फुगते आणि फांदीच घेऊन जाते.